जिताड्याचा खवला

रोह्याच्या कॉलेजात टेबलावर जिताडा माशाचा खवला ठेवलेला, खवल्यावर सुई उभी. सुईच्या माथ्यावरच्या छोट्या पारड्यात मृणाली एकेक वजन टाकत होती नि तोंडानं घडाघडा सांगत होती, "खवल्याला वर हाडासारखा कडक पापुद्रा. खाली धाग्यांचे मऊ थर, एक आडवा, एक उभा. वरचा सुईचं टोक अडवतो, खालचे तिचा भार वाटून घेतात. म्हणून जिताड्याचं हे चिलखत..."

सुई भसकन आरपार गेली.

दुसऱ्या खवल्यातूनही गेली. तिसरा तर ओल्या कागदासारखा दुमडलाच.

"चिलखत फाटलं गो!" पिंकी ओरडली. वर्ग खिदळला. वर्षभराचे मार्क या एका प्रयोगावर होते.

मनस्वी मॅडमनी खवला चिमटीत दाबून पाहिला. "कशात ठेवले होतेस?"

"साध्या पाण्यात, मॅडम."

"चिंचेच्या कोळात व्हते, बाई." मागच्या बाकावरून हौसा उठली. मृणालीची आई. पेणच्या बाजारातली आपली मासळीची पाटी बंद ठेवून ती लेकीचा प्रयोग बघायला आली होती. दारातच 'मी मागं बसते' म्हणून बाजूला झाली होती. "दोन दिस ठेवलेले मी. मासळीचा हात आम्ही चिंचेनंच धुतो. वास जातो."

"आंबटानं वरचा कडक थर खाल्ला, मावशी. उरला तो मऊ," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही कोण?"

हौसानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं नजर खवल्यावर रोवली.

"मी? बाजारातली मासळीवाली. पोरीला खवले मीच दिले. चूक माझी हाय, तिचे मार्क नका कापू."

"नाही कापत. मंगळवारी ताजे आणू द्या तिला."

हौसा हात जोडून निघाली. मृणालीला गेल्या महिन्यातले स्वतःचेच शब्द आठवले: तुझ्या हाताचा वास माझ्या वह्यांना येतो, मैत्रिणी नाक दाबतात. आई एकेक खवला चिंचेनं घासत बसली असेल मग, लेकीला कुणी हसू नये म्हणून.

"मॅडम, ती माझी आई हाय."

मॅडमनी हळूच विचारलं, "मग ती उभी होती तेव्हा का नाही सांगितलंस?"

मृणाली धावतच खाली उतरली. भर पटांगणात, सगळ्या पोरांदेखत तिनं हाक मारली, "आई!"

हौसा दचकून वळली. घाईघाईनं ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू गो, कुणी ऐकंल."