तळ्याकाठी दोन दिवस

पुष्पाबाईनं पिशवीतून आधी केरसुणी काढली, पदर खोचला आणि बंगलीचा व्हरांडा झाडायला घेतला. चाव्या घेऊन उभा असलेला रखवालदार सुकलाल बघतच राहिला.

"माय, सकाळीच झाडलंय सगळं. बंगली भाड्यानं घेतलीत ना? आता नुसतं बसायचं."

"नुसतं बसून काय करू?"

"आणि ही केरसुणी काय सुरतेहून आणलीत?"

"केरसुणी, स्टोव्ह, पीठ, मिरच्या, पापडी. परक्या घरी रिकाम्या हातानं येतं का कुणी?"

"ती ऐकस नही कोनाचं!" केरसुणीकडे बघत मागून शालिग्राम बोलला, आणि तळ्याकाठचे दोन बगळे उडाले.

सुकलाल दचकला. पुष्पाबाईला हसू आलं. नवऱ्याचं बोलणं म्हणजे हे असं. सुरतेत कतारगामच्या कापड कारखान्यात बावीस वर्षं लूम चालवले त्यानं. तिथे शेजारच्यालाही काही सांगायचं तर ओरडून सांगायचं, नाहीतर हातानं खुणा करायच्या. त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. त्यांची खोली कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून, समोरच्या बाजूलाही लूमच. त्या गल्लीत शालिग्रामनं कितीही आरोळ्या ठोकल्या तरी कुणाला काही कळायचं नाही. इथे डांगच्या डोंगरात, या इस्टेटीवर, आंब्याचं पान पडलं तरी ऐकू येत होतं.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस कारखाने बंद होते. सगळी सुरत गच्चीवर चढून पतंग उडवत असणार. शालिग्रामनं आठ दिवसांपूर्वी घरात येऊन सांगितलं, "तळ्याकाठी बंगली घिदी, दोन दिवस." पुष्पाबाईला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. भाड्याच्या खोलीला कुलूप लावून भाड्याच्याच घरात राहायला जायचं, ही कुठली सुट्टी? सुट्टी म्हणजे आखाजीच्या सणाला गाव, दुसरी सुट्टी त्यांना ठाऊक नव्हती. लेकीच्या, योगिताच्या, लग्नालासुद्धा या माणसानं चारच दिवस खाडा केला होता.

"डोंगरनी हवा लागी तुले," तो म्हणाला होता. "रक्त कमी शे, डॉक्टर बोलना."

तिचं पोट दुखायचं, अन्न जाईना, ब्लाउज सगळे सैल झाले होते. दवाखान्यातून तपासणीचे कागद आणायला तो एकटाच गेला होता. रक्त कमी, एवढंच त्यानं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, याचीच तिला भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाल पांघरून व्हरांड्यात उन्हाला बसली आणि पापडीच्या शेंगा सोलायला घेतल्या. शालिग्राम सुकलालबरोबर नाव बघायला पलीकडच्या काठाला गेला होता. दोघं उलट्या घातलेल्या नावेवर बसून विडी ओढत होते. इथून ते बोटाएवढे दिसत होते. वारा नव्हता.

"तिले मालूम नही!"

पाण्यावरून आवाज थेट व्हरांड्यात आला. पुष्पाबाईनं मान वर केली. सुकलाल शालिग्रामच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारत होता, त्याचे शब्द मात्र पोचले नाहीत.

"नही, नही. डॉक्टर माले एकट्याले बोलना. पोटमा गाठ शे. लिव्हरपर्यंत गयी ती."

सुकलाल पुन्हा काहीतरी बोलला.

"चार महिना. जास्तीमा जास्ती पाच."

पुष्पाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. पलीकडे सुकलाल घाईघाईनं उठला, हातानं 'हळू, हळू' अशी खूण करायला लागला आणि त्यानं बंगलीकडे बोट दाखवलं.

"हळूच तं बोली ऱ्हायनू, भाऊ!" शालिग्राम म्हणाला. मग त्यानं वळून बंगलीकडे पाहिलं आणि तिला हात केला.

तिनंही हात केला.

खाली बघितलं तर ती दाणे सालींत टाकत होती आणि साली ताटात. मुडद्या, तिच्या मनात आलं, मुडद्या, सांगायला तुला दुसरी जागा नव्हती? मग राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. अवघी चव्वेचाळीस वर्षांची होती ती. काय पाहिलं होतं तिनं? नवापूरजवळचं गाव आणि कतारगामची ती गल्ली. तिला मरायचं नव्हतं. अजिबात मरायचं नव्हतं. हे कुणाला सांगायचं? देवाला सांगावं तर त्याला ठाऊकच असणार, आणि नवऱ्याला सांगावं तर त्या बिचाऱ्याचा हा दोन दिवसांचा खटाटोप पाण्यात जाणार. तिनं पदर तोंडात कोंबला आणि आवाज होणार नाही इतपत रडून घेतलं.

दुपारी शालिग्राम न्हाणीत गेला तेव्हा सुकलाल लाकडं घेऊन आला. लाकडं ठेवून झाली तरी हलेना. मान खाली घालून म्हणाला,

"माय, तुम्ही सकाळी बाहेरच होता?"

"होते."

"मी त्यांना म्हटलं, हळू बोला..."

"तुमचा काय दोष, भाऊ. एक करा. ते विचारतील तुम्हाला. सांगा, ती आत निजली होती."

"पण माय, त्यांनीही मला शपथ घातलीय, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"मग दोघांचंही ऐका," पुष्पाबाई म्हणाली. "त्यात तुमचं काय जातंय?" आणि तिनं त्याच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले.

शालिग्राम डोकं पुसत बाहेर आला. तिच्याकडे निरखून बघत म्हणाला,

"सकाळे तू हात करा व्हता ना माले?"

"मग! आंघोळीला चला म्हणून बोलावत होते," ती मोठ्यानं म्हणाली. "तेव्हाच उठून बाहेर आले. त्याआधी आत निजलेच होते."

त्यानं सुकलालकडे पाहिलं. सुकलालनं मान हलवली. शालिग्रामच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, की पुष्पाबाईला तिथे उभं राहवेना. ती भाकरी टाकायला आत गेली. संध्याकाळी त्यानं तिला नावेतून फिरवलं. ती पाण्यात हात घालून बसली आणि तो बोलत राहिला. गावाकडची विहीर, लग्नातला बँडबाजा, योगिता रांगायला लागली तेव्हाची गंमत. बावीस वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. तिनं सगळ्याला हो हो केलं. मध्येच एकदा तिला वाटलं, सांगून टाकावं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "बरं वाटी ऱ्हायनं ना?" आणि ती जोरजोरात मान हलवून हो म्हणाली.

तिसऱ्या दिवशी निघताना सुकलाल चाव्या घ्यायला आला. शालिग्रामनं त्याला थांबवलं.

"पुढला सालनी उत्तरायणले हाईच बंगली. आत्ताच लिखी ठेव. मागाहून मिळस नही म्हने."

सुकलालनं खिशातून वही काढली आणि नुसताच उभा राहिला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"लिख ना, भाऊ! दोन माणसं!" शालिग्राम ओरडला. त्याचे ओठ थरथरत होते आणि तो हसत होता. हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं, तिला काही कळू नये म्हणून. लोकांसमोर कधी डोळ्यांत पाणी न आणणारा हा माणूस आता एका क्षणात फुटणार, हे तिला दिसलं. आणि फुटला, की मग उरलेले चार महिने दोघांनी एकमेकांसमोर बसून करायचं काय?

ती सुकलालजवळ गेली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, शालिग्रामच्या कानापर्यंत जो कधीच पोचत नसे त्या आवाजात, म्हणाली,

"लिहा, भाऊ. दोनच लिहा. हे आणि आमची योगिता. एकटे आले तर जेवणार नाहीत."

सुकलालचं पेन कागदावर टेकलं, पण अक्षर उमटेना.

"काय म्हनी ती?" शालिग्रामनं विचारलं.

पुष्पाबाई त्याच्याकडे वळली. छातीत होता नव्हता तेवढा दम एकवटून ओरडली,

"म्हटलं, दोन! दोन लिहा म्हटलं!"

"हां," शालिग्राम म्हणाला आणि त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या.