घट्ट झाकणाची बरणी

मित्रांनो, मी पारदर्शक प्लास्टिकची एक जुनी बरणी. साच्यातून निघाले तेव्हाच माझं झाकण जरा जास्त घट्ट होतं. ज्या स्वयंपाकघरात गेले, तिथल्या सासूबाई म्हणत, "ही बरणी आहे की तिजोरी?" आठवड्यात माझी रवानगी माळ्यावर झाली.

त्यांच्या सूनबाई उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवत. त्यांनी मला धुऊनपुसून आपल्या खोलीत नेलं आणि माझं सोनं झालं. माझ्या पोटात किल्ली दिली की उड्या मारणारा खेळण्यातला बेडूक ठेवायचा, झाकण आवळायचं आणि मला मुलापुढे ठेवायचं. बेडूक दिसतो, पण हाती येत नाही. मग मूल कोणाला काही सांगू बघतं का, हे बाई निरखत. कोणी मला आपटलं, कोणी चावलं. एकीने तर मला मांडीवर घेऊन थोपटलं.

सगळ्यांत जास्त आठवते ती टिकली नावाची चिमुरडी. तिचं तिसरं वर्ष सरत आलं होतं, पण तोंडातून शब्द नव्हता. तहान लागायच्या आत आई पेला पुढे करायची.

"तिला आमच्याशी बोलायचंच नसेल तर?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

टिकलीने झाकणाशी झटापट केली. आईचा हात लगेच पुढे आला. बाईंनी तो अडवला. "ताई, हात मांडीखाली ठेवा."

"रडेल हो ती."

"रडू दे. रडताना कोणाकडे बघते, तेच बघायचंय."

टिकली रडली नाही. मला टाकून खिडकीशी गेली. आईचा चेहरा उतरला. बराच वेळ गेला. मग टिकली परतली, तिने मला आईच्या मांडीवर ठेवलं, आईची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, "अं."

"मागितलं की तिने," बाई म्हणाल्या. "उघडा आता."

पण मी कुठली उघडतेय! आई दमली, बाई दमल्या, आणि टिकली खदखदून हसली. शेवटी ओल्या फडक्याने जमलं.

आता माझे आटे झिजलेत. झाकण हरवलं, पोटात खडूचे तुकडे आहेत. ते दिवस आठवतात, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड असेल, तर त्याच्या वतीने पटकन बोलून टाकू नका. त्याच्यासमोर बसा. त्याला काय हवंय ते तुम्हाला केव्हाच कळलं असेल. तरी थांबा.