ताटाखालचे पाय

बत्तीस वर्षं रखमाबाईंनी नवऱ्याचा डबा कंपनीच्या गेटपर्यंत पोचवला. डबा खिडकीतून आत, रखमाबाई बाहेर! लातूरकडून लग्न होऊन बोईसरला आल्या, मुलं झाली, सून आली, नागोराव रिटायरसुद्धा झाले. पण ज्या बॉयलरपायी हा माणूस ऐन दिवाळीत ड्यूटीवर पळायचा, तो दिसतो तरी कसा, हे बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं की नागोराव म्हणायचे, "त्यात काय बघायचंय? मोठा बंब आहे झालं." सवतीला बंब म्हटलं म्हणून काय सवत लहान होते?

बरं, त्या सवतीनं माणसाला एक खोडही लावली होती. दारात कोणी आलं की नागोराव आधी त्याचे पाय बघायचे, तोंड मागाहून. व्याही आले तरी पाय, स्वराला बघायला गेले तिथंही पाय! "अहो, पोरीचं तोंड वर आहे," असं बाई त्यांच्या कानात कुजबुजल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना.

तर ही स्वरा, बाईंची सून. तिचं कामच अजब. कंपन्यांनी बोलवायचं आणि हिच्या माणसांनी सोंग घेऊन त्यांच्याच आवारात घुसून दाखवायचं, म्हणजे पहारा कुठं कच्चा आहे ते कळतं. यंदा काम आलं ते नेमकं नागोरावांच्या जुन्या कंपनीचं. शिडी घेऊन वायरमन झालेल्या दोघांना गेटवरच्या बबलूनं दहा मिनिटांत धरलं. पाण्याचे जार नेणारा तिसराही हात हलवत परत आला.

"आता कोणाला पाठवू, आई?" स्वरा हातात भाकरीचा तुकडा धरून बसली होती.

"मला पाठव की!"

स्वरा हसली. मग एकदम हसायची थांबली. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते.

सोंगाला फार काही लागलं नाही. साडी बाईंचीच, नथ बाईंचीच. ताटात हळदीकुंकू आणि तिळगूळ, पिशवीत वाणाला चहाच्या गाळण्या. पोचल्याची खूण म्हणून एकेक लाल टिकली चिकटवायची: स्टोअर, लॅब, मॅनेजरची केबिन आणि शेवटी बॉयलर हाऊस. कोणी अडवलं तर वाद न घालता कंपनीचं पत्र दाखवायचं; खेळ तिथंच संपला. आणि नागोरावांना पत्ता लागू द्यायचा नाही. चौथं ठिकाण बाईंनी दोनदा विचारून घेतलं. तीन टिकल्या सुनेच्या, चौथी आपली, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

गेटवर बबलूनं तिळगुळासाठी हात पुढं केला.

"आतल्या बायकांना वाण द्यायचंय रे बाबा."

"जावा काकू, जावा. खड्डा आहे तिकडे, सांभाळून!" असं म्हणत त्यानं स्वतः फाटक उघडलं. नवा होता बिचारा, डब्याच्या दिवसांतला नव्हता.

स्टोअरच्या दारावर पहिली टिकली. लॅबमध्ये तर पोरींनी खुर्चीच दिली. "नाव घ्या, काकू, नाव घ्या!" आता आली का पंचाईत! दर हळदीकुंकवाला पहिला उखाणा बाईंचा, पण इथं नागोरावांचं नाव घेतलं की सोंग फुटलंच. "घसा बसलाय गं," म्हणत त्यांनी दुसरी टिकली फ्रिजला लावली. मॅनेजरसाहेब जेवायला गेले होते, तिसरी त्यांच्या कॉम्प्युटरच्या कपाळावर गेली. कोणी म्हणून विचारलं नाही, की बाई, तुम्ही कोण.

बॉयलर हाऊसचं दार अर्धं उघडं होतं. आतून गरम वाफ आणि घरघर येत होती. बत्तीस वर्षं नागोरावांच्या कपड्यांना जो वास यायचा, तो इथला होता तर! चार पावलं राहिली.

"मावशी, थांबा."

खाकी ड्रेसातली एक सडपातळ बाई आडवी उभी राहिली. खिशावर नाव होतं: जिवली. रखमाबाईंनी ताट पुढं केलं. तिनं ताटाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तिळगूळ मागनं घेते. बूट कुठं हायत तुमचे?"

"दोन मिनिटांचं तर काम आहे गं."

"चपलेवर आत नाय. खाली गरम पानी असतं, पाय भाजंल. पास कुठं हाय? सोबत कोन हाय?"

मी नागोरावांची बायको, एवढं एक वाक्य ओठांवर आलं होतं. ते गिळून बाई म्हणाल्या, "अगं, इतकं बारीक कोण बघतं?"

"आमचे नागोकाका बगायचे," जिवली ताठ मानेनं म्हणाली. "त्यांनीच शिकवलं मला. सायब येवो नायतर मंत्री, आदी पाय बगायचे, तोंड मागनं. ते हुते तवर हितं कोनाचा पाय भाजला नाय, आन् आमीबी भाजू देनार नाय."

रखमाबाईंनी पुढं केलेलं ताट मागं घेतलं. काय मेली लाजत बसले मी इतकी वर्षं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मुकाट्यानं पिशवीतलं पत्र काढून जिवलीच्या हातात दिलं.

मग काय, धावपळ! स्वरा आली, मॅनेजर आपल्या कॉम्प्युटरवरची टिकली बोटावर घेऊन आले, बबलू आला तो तोंडातला तिळगूळ लपवत. बाई कोण ते कळल्यावर मॅनेजर कपाळाला हात लावून हसले. "बबलू, उद्यापासून जिवलीताईंची शिकवणी लाव! आणि काकू, तुम्ही बघून घ्या हो आत जाऊन."

बाई पुढं झाल्या, तर जिवली पुन्हा आडवी.

"काकी असल्या म्हनून काय झालं? बूट घाला. आन् पदर खोचा."

बूट घालून, हेल्मेट चढवून, पदर खोचून रखमाबाई आत गेल्या. खरंच बंब होता. पण केवढा! दोन मजली! बाई तोंडाचा आ करून बघत राहिल्या आणि त्या घरघरीत कोणी न सांगता त्यांचा घसा सुटला:

"बत्तीस वर्षं डबा दिला उभं राहून दारी,
नागोरावांचा बॉयलर बघायची आज माझी बारी!"

चौथी टिकली त्यांनी जिवलीच्या कपाळावर लावली.

घरी पोचल्या तेव्हा नागोराव दारातच होते. सवयीनं आधी पाय पाहिले. साडीखाली कंपनीचे काळे, लोखंडी टोकाचे बूट, गडबडीत तसेच पायात राहिलेले. ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मग हळूहळू मान वर आली.

"आत गेली होतीस?"

"गेले होते."

"कोणी अडवलं नाही?" त्यांचा आवाज एवढासा झाला.

"अडवलं तर! तुमच्या जिवलीनं. आधी पाय बघितले, तोंड मागाहून."

नागोराव खाली बघत हसले, पंच्यानं डोळे पुसले आणि उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"अहो, माझ्या पायाला काय हात लावता! लोक बघतायत."

"बघू देत," नागोराव म्हणाले. "बस तू."