शामनगरचा प्रोसेसर

शामनगरची लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांवर गेली आणि गाव जागच्या जागी अडकायला लागलं. चौकात मोटारी उभ्या राहिल्या की उभ्याच. माणसं चालता चालता थांबायची, विचारात पडल्यासारखी, आणि मग एकदम चार पावलं पुढे दिसायची. एकदा शामलाबाईंनी सकाळच्या चहाच्या वेळी एक अँब्युलन्स दवाखान्यातून निघताना पाहिली. पोहे झाले, खाऊन झाले, तरी ती पेट्रोलपंपापाशीच होती.

"पेशंट बरा होऊन कामाले गेला असन," मागून त्यांचे यजमान रुपराव म्हणाले.

"तुमी गप्प बसा जी," शामलाबाई म्हणाल्या.

हे शामनगर कुठल्या जिल्ह्यात नव्हतं. ते त्रिमूर्तीनगरातल्या बोरकुट्यांच्या घरी, मागच्या खोलीतल्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये वसलं होतं. कॉम्प्युटर मुलीचा, दीप्तीचा. दोन वर्षांपूर्वी ती नोकरीला पुण्याला गेली तेव्हा ते धूड कुठे न्यायचं म्हणून इथेच राहिलं. जाताना तिने आईला त्यात शहर वसवायचा एक गेम टाकून दिला. "आई, बत्तीस वर्षं तू साहेबांच्या सांगण्यावरून रेघा मारल्यास," ती म्हणाली. "आता स्वतःच्या मनाने मार."

शामलाबाई नगररचनेच्या कचेरीत आरेखक होत्या. रस्ता कुठून जावा हे कोणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. तो किती जाड काढायचा एवढंच विचारत. "या वयात काय गेम खेळू!" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण पंधरा दिवसांत त्यांनी आपला पहिला रस्ता बांधला आणि दोन्ही बाजूंनी कडुनिंब लावले. साहेब लोक रुंदीकरणात पहिल्यांदा झाडंच काढत. शामनगरात झाड काढायची कोणाची हिंमत नव्हती. तलाव होता, तलावाच्या काठाने अर्धा किलोमीटर बाग होती, आणि त्या बागेचा बाईंना इतका अभिमान होता की पाहुणे आले की चहाच्या आधी ती दाखवली जाई.

रुपराव बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. सकाळी फिरून आले की ते दारातूनच विचारायचे, "काय म्हणते तुह्यं गाव? नळाले पाणी आलं का?" गाव अडकायला लागल्यापासून तर त्यांना सणच लागला होता. "त्याच्यासमोर कूलर लाव," ते म्हणाले. "बम गरम होऊन राहिलं ते. खसची ताटी पण लावू का?"

शेवटी शामलाबाईंनी दीप्तीला फोन केला.

"आई, प्रोसेसर सात वर्षांचा झालाय," दीप्ती म्हणाली. "एवढी माणसं त्याला झेपत नाहीत. कोण कुठे राहतो, कुठे कामाला जातो, कोणत्या रस्त्याने जातो, हे सगळं एकेकाचं तोच ठरवतो."

"एकट्यानं?"

"एकट्यानं. बदलून टाक."

बदलून टाक म्हणणं सोपं होतं. शामलाबाईंनी मिक्सर घेताना दीड महिना घेतला होता आणि सीताबर्डीतल्या चार दुकानदारांशी त्यांची त्यापायी ओळख झाली होती. प्रोसेसर तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. त्यांनी व्हिडिओ पाहिले. प्रत्येक व्हिडिओत एक तरणा मुलगा ओरडून आकडे सांगे आणि शेवटी सगळंच नवीन घ्या म्हणे. त्यांनी वहीत 'कोअर', 'सॉकेट', 'मदरबोर्ड' असे शब्द सुबक अक्षरात लिहिले, खाली पट्टीने रेघ मारली, आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. आठवड्याभरात त्यांचा तीनदा निश्चय झाला: दोनदा घ्यायचा आणि एकदा गेमच बंद करून विणकाम करायचं.

"मी सांगतो ना उपाय," रुपराव जेवताना म्हणाले. "माणसं कमी कर. एखादी वस्ती पाडून टाक. तुमच्या कचेरीत नाई का करत?"

शामलाबाईंचा हात ताटातच थांबला. नोकरीच्या सहाव्या वर्षी त्यांनी एका रस्त्याची लाल रेघ काढली होती. कागदावर पाव इंचाची. जागेवर ती सतरा घरांवरून गेली. रेघ साहेबांची होती, पण पेन शामलाबाईंचा होता.

"शामनगरात मी कोणाचं घर पाडत नाई," त्या म्हणाल्या.

जेवण झाल्यावर न सांगता रुपरावांनी दोघांची ताटं उचलून नेली, आणि ही त्यांच्या घरात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट होती.

शनिवारी दुपारी चार वाजता मिनल आली. ती दीप्तीची कॉलेजची मैत्रीण, धरमपेठेत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. रुपराव नेमके गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर गेले होते. मिनलने कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झाकणी काढली आणि आतली धूळ बघून म्हणाली, "काकू, हे तर अख्खं नागपूर आत बसलंय."

तिने मशीनने धूळ उडवली, प्रोसेसरवरचा पंखा काढून खालचा वाळलेला लेप पुसला, नवीन लावला. शामलाबाईंनी त्या निमित्ताने प्रोसेसर पहिल्यांदा पाहिला. मारीच्या बिस्किटापेक्षा लहान! त्यात एक लाख ऐंशी हजार माणसं. त्यांना त्याची दया आली.

धूळ निघाली, गरमी उतरली, पण गाव काही हललं नाही. मिनलने पडद्यावर दोन आलेख काढून दाखवले. "हा प्रोसेसर, शंभर टक्के. आणि हे ग्राफिक्स कार्ड, तीस टक्के. ते आरामात बसलंय."

"म्हणजे एकजण मरमर करून राहिला आन् दुसरा चहा पिऊन राहिला," शामलाबाई म्हणाल्या. "कळलं मले. आमच्या सेक्शनले असंच होतं."

"बरोब्बर! आता काकू, दोन रस्ते आहेत. एक म्हणजे याच मदरबोर्डवर बसेल असा, याच घराण्यातला थोरला प्रोसेसर टाकायचा. वापरलेला मिळतो, चांगला मिळतो, मी तपासून आणीन. दुसरा म्हणजे मदरबोर्ड, रॅम, सगळं नवीन. मी दुकानवाली असून सांगते, त्याची गरज नाही तुम्हाला."

"आन् काहीच नाई केलं तर?"

"तर लोकसंख्या इथंच थांबवा. किंवा..." मिनल गेमची यादी बघत थांबली. "हे दुसरं शहर कोणाचं? शामनगर दोन?"

"दोन? माह्यं एकच आहे."

"काल खेळलंय कोणीतरी. दुपारी तीन चाळीसला बंद केलंय. परवा तीन पन्नास. रोजच आहे की."

दुपारी दोन ते चार शामलाबाई झोपत. ही वेळ सगळ्या नात्यागोत्याला पाठ होती, त्या वेळात कोणी फोनही करत नसे. रुपराव तेव्हा समोरच्या खोलीत पेपर वाचत. निदान निवृत्तीपासून त्यांचा पेपर वाचून होत नव्हता, एवढं खरं.

मिनलने दुसरं शहर उघडलं. गाव तेच होतं. तेच कडुनिंब, तोच तलाव. लोकसंख्या मात्र दोन लाख तीस हजार, आणि तरी मोटारी पळत होत्या. अगदी झपाट्याने नाही, पण पळत होत्या. जिकडेतिकडे लाल बसगाड्या. मिनलने बसमार्गांची यादी काढली. एकेचाळीस मार्ग होते. प्रत्येकाला नाव दिलेलं: 'दवाखाना फेरी', 'शाळा जलद', 'बाजार विनाथांबा'.

"वा!" मिनल म्हणाली. "माणसं बसमध्ये गेली म्हणून रस्त्यावर गाड्या कमी, म्हणून प्रोसेसरला काम कमी. डोकं लावलंय कोणीतरी."

शामलाबाईंचं लक्ष तलावाकडे होतं. बागेचा पश्चिमेकडचा तुकडा गायब होता. तिथे डांबर होतं आणि डांबरावर ओळीने बसगाड्या.

"माह्यी बाग!"

फाटक वाजलं. शामलाबाईंनी झटकन पडद्यावर आपलं जुनं शामनगर आणायला लावलं, मिनलला डोळ्यांनीच दटावलं आणि चहा ठेवला. रुपराव पिठाचा डबा ठेवून, हात झटकत आत आले.

"काय म्हणते वं पोरी? जगन का पेशंट?"

"काकूंनी ठरवलंय," मिनल म्हणाली आणि कपात बघू लागली.

"हो," शामलाबाई म्हणाल्या. "प्रोसेसर नाई घ्यायचा. मी काय म्हणते, बसा बंद करून टाकू. तेवढीच गर्दी कमी."

"बसा?" रुपरावांचा आवाज शेजारी गेला असेल. "बसांनी काय केलं तुह्यं?"

"रस्ता अडवतात. मोठ्या मोठ्या."

"अवं, एका बसमंदी पन्नास माणूस जाते! बस बंद केली त ते पन्नासही जण स्कूटर काढतीन. मंग त्या प्रोसेसरचं कंबरडंच मोडन. सात नंबर बंद केला त शाळेतले पोट्टे घरी कशे जातीन? सात नंबरले त उभं राहाले जागा नाई भेटत..."

"कोणता सात नंबर?" शामलाबाईंनी विचारलं. "माह्या गावात तीनच बसा आहेत."

रुपरावांनी मिनलकडे पाहिलं. मिनलने कूलरकडे पाहिलं.

"पीठ जरा जाड दळलं त्यानं," रुपराव म्हणाले.

"एकेचाळीस मार्ग," शामलाबाई म्हणाल्या. "दीड वर्ष झालं मले गावाचं पाणी विचारून राहिले. आन् मी झोपली का स्वतः गाड्या सोडून राहिले!"

रुपराव खुर्चीवर बसले. पकडलेल्या माणसाला जी एक शांती येते ती त्यांच्या चेहऱ्यावर आली. "मी त धूळ पुसाले गेलो होतो," ते म्हणाले. "माउसले धक्का लागला, तुह्यं गाव दिसलं. एका स्टॉपवर लोकं उभे होते. उभे आहेत, उभे आहेत, बस काही येऊन नाई राहिली. मले पाहवलं नाई, शामला. मंग दीप्तीले फोन करून शिकून घेतलं."

"दीप्तीले माहीत होतं?"

"तिनंच सांगितलं, वेगळं शहर करून ठेवा, आईच्या गावाले हात नका लावू म्हणे."

शामलाबाईंना हसू येत होतं, पण बागेचा हिशेब बाकी होता. "आन् माह्यी बाग काहून खोदली?"

"डेपोले जागा नोती कुठी. बाकी साऱ्या गावात घरं." ते जरा थांबले आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "घर एकही नाई पाडलं, पाह्य वाटलं त. परवा जेवताना मी उगाच बोललो. त्या सतरा घरांच्या टायमाले तू दोन दिवस जेवली नोती, मले आठवते."

शामलाबाई उठल्या आणि चहात साखर घातली. आधी घातलेली होती. रुपरावांनी तो चहा तसाच पिऊन टाकला.

मिनल म्हणाली, "मग मी काय आणू, काकू?"

दीड महिना लागला असता तिथे निर्णय पाच मिनिटांत झाला. रुपरावांचंच गाव पुढे चालवायचं, कारण त्यात लोक वेळेवर घरी पोचत होते; रस्ते, झाडं, तलाव शामलाबाईंकडे आणि गाड्या रुपरावांकडे; बाग होती तशी परत करायची. आणि प्रोसेसर घ्यायचा, त्याच बोर्डावर बसणारा थोरला. दोन माणसं कामाला लागली म्हणजे वस्ती वाढणारच. "सारं नवीन घेतलं असतं त अजून..." असं रुपराव बोलायला लागले, तेव्हा ह्याची वाट कोण किती दिवसांपासून पाहत होतं ते शामलाबाईंना कळून चुकलं.

पुढच्या बुधवारी मिनलने प्रोसेसर बसवला. गाव सुरू झालं आणि दोघंही जरा मागे सरकले, इतकी माणसं एकदम चालायला लागली. अँब्युलन्स वळणावरून सर्रकन निघून गेली. बाजार विनाथांबा खरोखरच न थांबता गेली. शामलाबाईंनी दुपारची झोप तेव्हापासून अर्ध्या तासावर आणली, तीही खुर्चीत.

बाग परत झाली, पण मग डेपो कुठे करायचा यावरून तीन दिवस वाद चालला. रुपरावांना टेकडीच्या पायथ्याची मोकळी जागा हवी होती. शामलाबाई म्हणाल्या, तिथे चिंचा लावायच्या आहेत, असं तोंडी मागून जागा मिळत नसते, रीतसर अर्ज करा.

शुक्रवारी सकाळी कीबोर्डवर फुलस्केप कागद ठेवलेला होता. 'प्रति, मा. नगररचनाकार, शामनगर. विषय: बस डेपोकरिता जागा मिळणेबाबत. महोदया,' आणि खाली दीड पान, शेवटी रुपरावांची सही आणि तारीख.

शामलाबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग ड्रॉवरमधून लाल पेन काढला आणि समासात लिहिलं, 'नकाशा जोडलेला नाही. त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावा.' तो कागद त्यांनी समोरच्या खोलीत नेऊन पेपरावर ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या. समोरच्या खोलीतून पट्टी कुठे आहे म्हणून ओरडणं ऐकू येत होतं.