चहाच्या गाळणीतला चाफा

चाफ्याला शेंग येते हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही लेकरांच्या डोक्यावर.

हिंगोली जिल्हा झाला ते साल. राखीला मी आखाडा बाळापूरहून हिंगोलीला गाडी बदलून साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर गेले. फाट्यावर उतरलं की पांदीच्या वळणावरून याडीचा चाफा दिसायचा. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. तांडा पहिल्यांदा पालं सोडून कुडाच्या घरात राहायला लागला तेव्हा तिनं तो दारात लावला होता. त्या दिवशी वळण आलं, गेलं, चाफा काही दिसेना. मला वाटलं, नजर कमी झाली. घरापाशी पोचले तर चाफ्याच्या जागी खडीचा ढीग.

धाकटा भाऊ देवला पायरीवरून उठला. आमच्यात बहिणीला बाई म्हणतात.

"बाई, आधी पाणी पी. मग काय बोलायचं ते बोल."

"चाफा कुठंय?"

"स्लॅबचं काम काढलं ना. खडीचा ट्रक आत येईना. अन् चाफ्याचं काय, फांदी खोचली की येतो. दहा फांद्या खोचल्यात गोठ्याच्या मागं. चल, दावतो."

दहाच्या दहा फांद्या उभ्या होत्या. एकीला हात लावला तर पिकलेल्या केळासारखी बोटात आली. तोडल्या त्याच दिवशी, चीक गळत असताना, भर आषाढात काळ्या चिखलात खोचल्या होत्या. जखम सावलीत वाळू द्यायची असते, मग लावायचं. याडी असती तर सांगितलं असतं.

मी राखी बांधली, पण जेवायला पाटावर बसले नाही. याडीचा फोटो आमच्याकडं कधीच नव्हता. फोटो काढायचे दिवस आमच्या घरी आले त्याच्या आधीच ती गेली. तिची म्हणून दाखवावी अशी वस्तू एकच, तो चाफा.

तेवढ्यात दोन लेकरं अंगणातून बैलासारखी हुंदडत गेली. एकाच्या कपाळावर दोन तपकिरी शिंगं, बुडाशी जोडलेली.

"काय रे ते?"

"चाफ्याची शिंगं हायेत आजी! तोडलेल्या झाडाला व्हती!"

इतकी वर्षं त्या झाडाखाली खेळले, पण शेंग कधी पाहिली नव्हती. लाकडासारखी कडक, एक बाजू उलायला लागलेली. बिस्किटाचा पुडा देऊन मी ती सोडवून घेतली. पोरगं म्हणालं, "आजी, तू बी खेळणार काय?"

परतीच्या गाडीत ती शेंग मी मांडीवर धरून बसले होते. देवलाचा राग होता, पण बोटं शेंगेची उललेली कड चाचपत होती, आणि छातीत असं काही होत होतं जसं लहानपणी जत्रेला निघताना व्हायचं.

घरी आल्या आल्या शेंग उलगडली. आत पातळ पंख असलेल्या बिया, एकावर एक रचलेल्या. चाळीस तरी असतील. माझे मालक उत्तमसिंग एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. घामाघूम होऊन आत आले आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

सगळ्या बिया उडाल्या. काही पलंगाखाली, काही देवघरात, एक यांच्या मिशीत.

"अहो, बंद करा! याडी उडून चालली!"

तासभर आम्ही दोघं म्हातारी गुडघ्यावर रांगत होतो. मधेच हे म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली, पण असे प्यासेंजर गोळा करायची पाळी आली न्हाई."

अर्ध्या बिया मी घमेल्यात काळी माती भरून पेरल्या. शेजारच्या अनुसयाबाईंनी येऊन पाहिलं. त्या कुरुंद्याच्या माहेरवाशीण, हळदीच्या शेतात वाढलेल्या. बेण्याच्या कामात त्यांचं म्हणणं शेवटचं.

"मिराबाई, चाफा बियावर येत नसतो."

"मग देवानं बी काहून दिलं?"

"आपल्याला नादी लावायला."

त्यांचं खरं व्हायची वेळ आली. घमेल्यात सहा कोंब आले आणि सहाही बुडाशी काळे पडून आडवे झाले. माती वरून दगडासारखी आणि आत चिखल. आमचं अंगण सगळं शहाबादी फरशीचं. कुंडीला चांगली माती आणायची तर ती काळीच.

दिवाळीच्या सुट्टीत देवलाची मुलगी शितल आली. ती परभणीला शेतीचं शिकत होती. बापानं झाड तोडलं याचं तिलाही वाईट वाटलं होतं. उरलेल्या बिया तिनं तळहातावर घेतल्या आणि म्हणाली,

"आत्या, मातीचं नावच काढू नको. पाण्यावर करू."

"पाण्यावर काय होतं, शेवाळ?"

"काकडी होते, टमाटे होतात. आमी कॉलेजात करून राहिलो ना. मुळाला माती लागत न्हाई, खाणं लागतं. खाणं पाण्यात कालवून द्यायचं."

तिनं बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या, डब्यात घातल्या आणि डबा टीव्हीवर ठेवला, ऊब मिळावी म्हणून. आठव्या दिवशी बातम्या चालू असताना मी फडकं उलगडलं आणि ओरडले. उत्तमसिंगांना वाटलं सरकार पडलं. नऊ बियांतून पांढरी शेपटं बाहेर आली होती!

मग घरात धांदल उडाली. लोणच्याच्या नऊ काचेच्या बरण्या जमवल्या. दोन अनुसयाबाईंनी दिल्या, "बुडवायच्याच हायेत तर घ्या" म्हणत. प्रत्येक झाकणाला भोक पाडलं आणि त्यात दांडी कापलेली चहाची प्लास्टिकची गाळणी बसवली. बाळापूरच्या बाजारात मी एकदम नऊ गाळण्या मागितल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, हॉटेल टाकून राहिले काय?" गाळणीत विटेचे धुतलेले तुकडे आणि त्यांच्यात कोंब. खाली पाण्यात शितलनं दोन बाटल्यांतलं खत टोपणानं मोजून घातलं. बरणीला काळं कापड गुंडाळलं, उजेडानं शेवाळ धरू नये म्हणून.

जाताना तिनं मला दारात धरून सांगितलं, "आत्या, ध्यानात ठेव. मुळं वाढतील तसं पाणी खाली जाईल. जाऊ दे. वरची मुळं हवेत राहिली पायजेत, त्यांना श्वास लागतो. बरणी काठोकाठ भरायची न्हाई. निम्म्याखाली गेलं तरच भर, अन् ते बी निम्म्यापर्यंत."

मी हो हो म्हणाले.

संक्रांतीपर्यंत प्रत्येक रोपाला चार-चार पानं झाली. सगळ्यात मोठी मजा मुळांची. रोज सकाळी कापड जरासं वर करायचं आणि काचेतून पाहायचं. मातीतली मुळं कुणी पाहिलीत? इथं ती समोर होती, पांढरी, सुतासारखी, काल इथवर तर आज तिथवर. आळीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या, वाण राहिलं बाजूला, सगळ्या बरण्यांपुढं उकिडव्या बसल्या. एक म्हणाली, "हे तर उघडं पाहिल्यावानी वाटतं गं, लाज वाटते."

फेब्रुवारीत पानं पिवळी पडायला लागली. आधी एकाचं, मग तिघांचं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, पाण्याला वास. मी बाळापूरहून परभणीला फोन लावून घेतला.

"आत्या, पाणी भरतेस काय गं?"

"न्हाई ना! भरतच न्हाई!"

खोटं नव्हतं. भरते म्हणावं असं काही मी करत नव्हते. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला तांब्या घालायचा, आणि तळाशी राहिलेलं घोटभर पाणी बरण्यांवरून फिरवायचं, एवढंच. आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी. झाडासमोरून ओला तांब्या घेऊन कोरडं जायचं म्हणजे जिवावर येतं. हात आपोआप वळतो.

शितल म्हणाली, "काजळाची खूण कर पाण्याच्या पातळीवर. मग कळंल."

खूण केली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पाणी खुणेच्या वर. तेही दोन बोटं! घोटभरानं दोन बोटं चढत नाही. मी घाबरून यांना हाक मारली.

"अहो, पाणी कमी व्हायचं सोडून वाढून राहिलंय!"

हे चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

"काय केलं तुमी?"

"मी काय केलं? पेपर वाचताना पाणी प्यायलो की उरलेलं... झाडालाच ना? ड्रायव्हर माणूस, रेडिएटरला पाणी बघायची सवय."

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून अनुसयाबाईंचं डोकं वर आलं. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"मिराबाई, मी बी घालते हं. तुमी नसता तेव्हा. म्हटलं, बिचारी लेकरं तहानलेली, अन् ह्यांना काई ध्यान न्हाई."

"तुमी तर म्हणत होता बियावर येत नसतो!"

"म्हणून काय तहानेनं मारायचं?"

मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना. तिघांनी मिळून पुण्य केलं होतं आणि नऊ लेकरं बुडवली होती.

आठ गेली. नवव्याचं खोड बोटानं दाबलं तर अजून टणक होतं. एवढंच आता याडीचं उरलं होतं. हे गेलं की संपलं. फोनवर शितलनं सांगितलं तसं केलं: सडलेली मुळं ब्लेडनं कापली, उरलेल्या दोन इंच मुळाला हवा लागू दिली, नवी बरणी उकळत्या पाण्यानं धुतली आणि पाणी निम्म्यावर ठेवलं. मुळाचं टोक तेवढं भिजेल इतकंच. उत्तमसिंगांनी गाळणीभोवती दोरा गुंडाळून गाठ मारली आणि वर पाटी लावली, 'पाणी घालू नये. हुकुमावरून.' अनुसयाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांना वेगळं जाऊन सांगितलं.

ते पंधरा दिवस मला फार जड गेले. उन्हं तापायला लागलेली, रोप अर्धं तहानलेलं वाटायचं. तांब्या घेऊन बरणीपाशी यायचं आणि तसंच परत जायचं. हाताला इतकी तकलीफ मी कधी दिली नव्हती. एकदा हे मागून म्हणाले, "ब्रेक दाब, मिरा, ब्रेक!"

सोळाव्या दिवशी कापड वर केलं. पाण्याच्या वर, कोरड्या काचेपाशी, हवेत, तीन पांढरी टोकं. तांदळाच्या कणीएवढी. मी भिंतीपाशी पळाले.

"अनुसयाबाई! या, या, या! धरलं!"

त्या हात न पुसता आल्या, हळद लागलेल्या बोटांनी काचेवर ठसे उमटवून गेल्या. यांनी तर गल्लीतल्या चौघांना बोलावून आणलं, जणू घरी नातू झाला.

त्यानंतर ते रोप थांबलं नाही. बरणीतून डब्यात, डब्यातून झाकणाच्या बादलीत गेलं. गाळणीची पाळण्याएवढी टोपली झाली. खोड माझ्या मनगटाएवढं झालं. खताच्या बाटल्या शितल पाठवत राहिली, पुढं तिचं लग्न झालं तरी. चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, शेंड्याला कळ्यांचा झुबका आला आणि मी देवलाला निरोप धाडला. चार वर्षं आम्ही सणावाराला भेटत होतो, पण झाडाचा विषय दोघंही टाळत होतो.

तो आला त्या सकाळी पहिलं फूल उमललेलं होतं. बादलीपुढं जाऊन त्यानं फुलाची पाकळी बोटानं उलटून पाहिली. मग हळूच म्हणाला,

"बाई, राग येऊ देऊ नको. पण याडीचा पांढरा व्हता. ह्याच्या कडेला गुलाबी हाय."

ते मी पहाटेच पाहिलं होतं. शितलनंही आधीच बजावलं होतं की बियाचं झाड आईसारखंच निघेल असं नसतं. तरी त्याच्या तोंडून ऐकताना क्षणभर गलबललं. मग मी त्याच्याकडं नीट पाहिलं. काळाकुट्ट, बुटका, टक्कल पडलेला माझा भाऊ.

"देवला, याडी गोरी होती. उंच होती. कमरेपर्यंत केस होते."

"व्हय. मग?"

"मग तू कुणाचा रे?"

उत्तमसिंग इतके हसले की खुर्ची मागं गेली. टकलावरून हात फिरवत देवलाही हसला, आणि वाकून त्यानं फुलाला नाक लावलं. उठायला त्याला वेळ लागला.

दुपारच्या गाडीनं तो परत जाणार होता. गेला नाही. दुसरी कळी फुगलेली आहे, उद्या उमलेल, असं मी म्हटलं होतं. त्यानं अंथरूण बादलीशेजारीच टाकलं. सकाळी मी उठायच्या आधीच त्याची हाक आली, साठीला टेकलेल्या माणसाची नव्हे, लहान लेकराची.

"बाई! ऊठ, ऊठ! दुसरं उघडून राहिलंय!"