वाटेत फुटलेली भेली

गाडी जरा कुठे थांबली की गवराबाई उठायची. पायात चपला सरकवायची, डब्याच्या दारापर्यंत जायची, मान बाहेर काढून पुढच्या रुळांकडे बघायची आणि कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखं तोंड करून परत यायची. बसायची म्हणजे नुसती टेकायची. तिनसुकियाला गाडीत चढल्यापासून तिची पाठ म्हणून बाकाला लागली नव्हती.

"माँजी, थोडं आडवं व्हा ना," सून विमला म्हणाली.

"मी आडवी होईन तेव्हा उचलायला चौघं येतील. तू गाठोडं बघ."

गाठोडं बाकाखाली होतं. लाल कापडात गुळाची अख्खी भेली, मूठभर तांदूळ, सुपारी. धाकट्या लेकीचं, इंदूचं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं. लेकराचं लग्न निघालं की बहिणीने आपल्या हाताने भावाच्या दारी भेली न्यायची. भावाने ती फोडून खडा तोंडात टाकायचा. मग लग्नाला मायरा, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन यायचं आणि भरल्या मांडवात बहिणीच्या डोक्यावर ओढणी घालायची. जिच्या डोक्यावर ओढणी पडत नाही तिला माहेर नाही, असं बायका तोंडावर म्हणत नाहीत, पाठ फिरली की म्हणतात. गवराबाईने स्वतः दुसरीबद्दल ते इतक्यांदा म्हटलं होतं की ते कसल्या आवाजात म्हणतात हेही तिला पाठ होतं.

आणि एकदा तिच्याच डोक्यावर ओढणी पडली नव्हती.

थोरल्या लेकाच्या लग्नात, म्हणजे याच विमलाला घरात आणली तेव्हा, भाऊ शिवरतन बिकानेरहून निघाला तो पोचलाच नाही. ओवाळायचं ताट घेऊन गवराबाई दारात उभी. दिव्यातलं तूप संपलं तरी उभी. शेवटी नवऱ्याने हाताला धरून आत नेलं. मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि मग शिवरतन उगवला. डोक्यावर ट्रंक, दाढी वाढलेली, अंगाला प्रवासाचा वास. म्हणाला, "जीजी, गाडी अडकली होती."

"गाडी अडकते, पाय अडकत नाहीत," ती चारचौघांत म्हणाली. "आता ती ओढणी गोठ्यातल्या गाईला घाल."

पाण्याचा घोटसुद्धा न घेता तो ट्रंक उचलून चालता झाला. तेव्हापासून ना राखी, ना निरोप. नऊ वर्षं. सुंभ जळला तरी पीळ जळला नाही, आणि पीळ दोघांचाही सारखाच. एकाच आईचं दूध.

आता इंदूसाठी तिलाच नाक मुठीत धरून निघावं लागलं होतं. त्याने दारच उघडलं नाही तर? भेलीला हातच लावला नाही तर? इंदूच्या मांडवात पुन्हा उघडं डोकं? म्हणून पाठ टेकत नव्हती.

गुवाहाटीला समोरच्या बाकावर झमकूबाई आली. बिकानेरजवळच्या नोख्याची बाई, वजनाने भरभक्कम, जिभेला हाड नाही. गाठोड्यावरचं लाल कापड बघताच तिने ओळखलं.

"भाऊ नोतायला, आवतण द्यायला निघालीस वाटतं? कुठला भाऊ?"

"बिकानेरचा."

"येईल ना?"

"भाऊ आहे. न यायला काय झालं?"

"नाही, तू दर ठेसनाला उठून पळायला बघतेस, म्हणून म्हटलं," झमकूबाई पापड मोडत म्हणाली. "नाहीच आला तर पिंपळाला नोतायचं. बिनभावाच्या बायका तेच करतात. पिंपळ बिचारा बोलत नाही आणि रुसत नाही."

"तुझ्याकडच्या पिंपळासाठीच ठेव ते," गवराबाई म्हणाली आणि पुन्हा दाराशी गेली.

खिडकीजवळ पद्मेश्वर बरगोहाईं बसला होता. चहाच्या बागेत हिशेबाला असायचा, आता घरी बसलेला, सडपातळ म्हातारा. सुरतगडला त्याचा मुलगा फौजेत होता, त्याच्याकडे निघालेला. तिनसुकियापासून तो गवराबाईला बाइदेउ म्हणत होता. आसामात परक्या बाईलाही तसंच हाक मारतात, थोरली बहीण म्हणून. चाळीस वर्षं तिथे काढलेल्या गवराबाईच्या कानाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

न्यू बोंगाईगाव मागे पडलं आणि गाडी भातखाचरांच्या मधोमध उभी राहिली. तासभर झाला, दोन झाले. पुढे कुणीतरी रुळांवर बसलंय, अशी बातमी डब्यांमधून सरकत आली. कशासाठी बसलंय हे बातमीबरोबर आलं नाही. नळाचं पाणी संपलं, गावातल्या पोरी मुरमुरे आणि काकड्या विकून गेल्या, पंखे गरगरायचे थांबले. ऊन डोक्यावर आलं, कललं, आणि गाडी जागची हलेना. रात्र तशीच गेली, सकाळही तशीच उजाडली.

 गवराबाई दारात जाऊन गार्डाला ओरडली, "अरे, उठवा की त्यांना! माझ्या लेकीचं लग्न आहे!"

गार्ड लांब होता. त्याला ऐकूही गेलं नसेल.

"चालत जाऊ का पुढच्या ठेसनाला?" ती परत येऊन म्हणाली.

"जा की," झमकूबाई म्हणाली. "बिकानेर ते काय, त्या बांबूच्या बेटापलीकडेच आहे. पोचलीस की हाक मार."

विमला पदराआडून हळूच म्हणाली, "मामाजी पण असेच अडकले असतील."

 गवराबाईने सुनेकडे बघितलं. नऊ वर्षांत तिने मामाजींचं नाव काढलं नव्हतं. बघितली होती ती फक्त त्यांची पाठ.

"आज तुझ्या जिभेला बरे पाय फुटले," गवराबाई म्हणाली. पण त्यात नेहमीची धार नव्हती. ती चपला सरकवून पुन्हा दाराशी गेली आणि या खेपेला बराच वेळ आलीच नाही. रूळ दोन्ही बाजूंना दिसेनासे होईपर्यंत सरळ गेले होते. त्यावरून पायी पोचून दाखवावं कुणी.

इकडे बाकाखाली मुंग्यांची रांग लागली होती. विमलाने गाठोडं उचलून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं, कापड सोडून झटकलं आणि ते वाऱ्यावर धरायला पलीकडे गेली. भेली उघडीच राहिली. झमकूबाई घोरत होती. पद्मेश्वरने थर्मासमधला उरलासुरला लाल चहा झाकणात ओतला. त्याच्याकडे बिनदुधाचा चहा गुळाच्या खड्याबरोबर पितात, साखर घालत नाहीत. समोर गूळ. गेल्या दिवसभरात या बायकांनी त्याला किती वेळा तरी पुऱ्या दिल्या होत्या, त्यानेही त्यांना तीळ भरलेले तांदळाचे पिठे दिले होते. त्याने अंगठ्याने भेलीचा कोपरा मोडला, दाढेखाली ठेवला आणि चहाचा घोट घेतला.

गवराबाई आली ती नेमकी तेव्हाच.

"मेल्या! काय खाल्लंस?"

"गूळ, बाइदेउ. फार गोड आहे."

"गोड! माझ्या भावाच्या तोंडात जायची ती भेली! फोडलीस! आता ही मोडकी भेली घेऊन मी कुठल्या तोंडाने जाऊ? विमले! कुठे उलथलीस? एक गाठोडं सांभाळता येईना तुला!" तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला तरी तिला शुद्ध नव्हती. झमकूबाई दचकून उठली.

म्हातारा धडपडत उभा राहिला. गूळ थुंकावा की गिळावा, त्याला कळेना. शेवटी त्याने गिळला. मग पेटी उघडली आणि आतून कोरा गामोसा, त्यांच्याकडचा मानाचा पंचा, काढला. पांढरा, लाल काठाचा, बायकोने मागावर विणलेला, विहिणीला द्यायचा म्हणून घेतलेला. त्यावर पान आणि ओली सुपारी ठेवून तो गवराबाईपुढे गुडघ्यांवर बसला. त्यांच्यात चूक झाली की अशीच माफी मागतात.

"अजाणता झालं, बाइदेउ. पदरात घ्या."

एवढं पांढऱ्या केसांचं माणूस पायाशी बसलेलं बघून गवराबाई दोन पावलं मागे सरली. तिने सुपारी उचलली. मग त्याने उठून गामोसा तिच्या खांद्यावर ठेवला.

"डोकं उघडं पडलंय बघ तुझं," म्हणत झमकूबाईने तोच गामोसा वर ओढून तिच्या डोक्यावर घातला. आणि तशीच थबकली. मग मांडीवर थाप मारून अशी हसली की वरच्या फळीवरची पोरं जागी झाली.

"अगं बाई! याने भेली फोडून खाल्ली, तुला बाइदेउ म्हणजे जीजीच म्हणाला, डोक्यावर ओढणी घातली. राहिलं काय? मायरा झाला की तुझा! बिकानेरला जायचं काम संपलं. कटिहारला उतर आणि घरी जा."

पद्मेश्वरला काही कळलं नाही. विमलाने त्याला समजावून सांगितलं. तो पुष्कळ वेळ विचार करून म्हणाला, "मग लग्नाला यावं लागेल मला."

"यावंच लागेल," झमकूबाई म्हणाली. "आणि रिकाम्या हाताने नाही."

दुपारनंतर गाडी हलली. कुणी टाळ्या वाजवल्या.  गवराबाईने डोक्यावरचा गामोसा काढला नव्हता.

कटिहारला पलीकडच्या फलाटावर आसामकडे जाणारी गाडी उभी होती. झमकूबाईने डोळ्यांनी ती दाखवली. गवराबाई उठली, चपला सरकवल्या, खाली उतरली. विमलाने घाईघाईने पिशव्या ओढायला घेतल्या आणि तीही खाली उतरली.

इंदूच्या मांडवाची काळजी मिटली होती. झमकूबाई नोख्यात चार जणींना सांगेल, त्या चाळीस जणींना. डोकं उघडं राहणार नव्हतं. आता बिकानेरला जायला कसलंही कारण उरलं नव्हतं.

ती फलाटावर उभी राहिली. पलीकडची गाडी शिट्टी देऊन निघून गेली, तरी उभी राहिली. मग सुरई भरून आत आली.

"गेली की ती गाडी," झमकूबाई म्हणाली.

"मी पाण्याला उतरले होते," गवराबाई म्हणाली. "आणि विमले, तू तिकडे फलाटावर फोन कुणाला लावत होतीस?"

"पिशवी शोधत होते, माँजी."

"फोनच्या दुकानात?"

विमलाने पदर पुढे ओढला.

सुरतगडला पद्मेश्वर उतरला. मुलगा सॅल्यूट ठोकल्यासारखा ताठ उभा होता. म्हाताऱ्याने खिडकीशी येऊन लग्नाची तारीख पुन्हा एकदा विचारून घेतली.

बिकानेरच्या लालगढ स्टेशनात गाडी लागली तेव्हा फलाटावर उन्हात एक माणूस बाकावर बसला होता. मांडीवर पाण्याची पितळी कळशी. केस सगळे पिकलेले. गवराबाईने आधी ओळखलंच नाही. मग तो उठला, आणि उठताना हात कमरेवर ठेवला, अगदी वडिलांसारखा.

"कालपासून ठेसनाला चार फेऱ्या झाल्या," शिवरतन म्हणाला. बोलला तो गाडीकडे बघून.

"गाडी अडकली होती."

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. 

"गाडी अडकते, जीजी," तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

"बोल की पुढचं. माझंच आहे ते. पाय अडकत नाहीत. बोल."

"अडकतात," शिवरतन म्हणाला. त्याने कळशीतलं पाणी फुलपात्रात ओतून तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, अर्धं प्यायली आणि उरलेलं त्याच्यापुढे केलं. तो बघत राहिला. मग प्यायला.

तिने गाठोडं सोडलं. कोपरा तुटलेली भेली बघून त्याच्या भुवया चढल्या.

"ही कुणी खाल्ली?"

"दुसरा भाऊ झालाय मला वाटेत. ओढणीही घालून गेला. तू आला नाहीस तरी माझं काही अडत नाही."

"मग आलीस कशाला?"

गवराबाईने भेली त्याच्यापुढे सरकवली. 

"हात लाव," ती म्हणाली. "उन्हात गूळ पाघळतोय."

त्याने तुटलेल्या कोपऱ्याशेजारीच अंगठा रोवला, खडा मोडला, तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"मुंग्या आहेत यात."

"आसामच्या आहेत. चाव आणि गप गिळ," गवराबाई म्हणाली, आणि मधेच कुठेही न उठता त्या बाकावर पाठ टेकून बसली.