मी बिघडलोच नव्हतो!

होय, मीच बोलतोय. झाकणावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवलेला, शाळेतला एकुलता एक लॅपटॉप. ती चिठ्ठी आठवली की अजून माझं डोकं फिरतं.

मी स्वस्तातला, हे मान्य. जाड प्लॅस्टिकचं अंग, छोटासा पडदा, घोगरा आवाज. पण मला घडवणाऱ्यांनी मुलांचे हात डोळ्यांपुढे ठेवूनच घडवलं होतं. आपटा, पाणी सांडा, हव्या तेवढ्या चुका करा! आणि इथे काय झालं? बाईंनी मला कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. "महागाची वस्तू आहे, खराब होईल." महागाची! मी!

प्रोग्रामिंगचा तास व्हायचा, पण फळ्यावर. बाई आज्ञा लिहायच्या आणि मुलं एका सुरात म्हणायची, "पुढे जा, वळ, पुढे जा, वळ." कपाटात मी दातओठ खात बसायचो.

एकदाचं मला बाहेर काढलं. माझ्या पडद्यावर एक कासव आहे. ते चालेल तशी रेघ उमटते. वर्गात जिला सगळे 'पण-का' म्हणत, ती मुलगी पुढे आली. त्रिकोणासाठी तिने लिहिलं: पुढे जा, साठ अंश वळ, असं तीनदा. कासव चाललं आणि फुटक्या वाटीसारखं काहीतरी उमटलं.

"बाई, त्रिकोण मिटलाच नाही."

"समभुज त्रिकोणाचा कोन साठचाच असतो. तुझं बरोबर आहे. यंत्रच बिघडलंय."

अहो बाई, सांगितलं तेवढंच वळलो ना मी! पण ऐकतंय कोण? चिठ्ठी लागली. शनिवारी मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारात द्यायचं ठरलं. मी गेलो की त्या पोरीच्या नशिबी पुन्हा फळाच. मला माझ्यापेक्षा तिचंच वाईट वाटत होतं.

शनिवारी शिपाईकाका मला बाहेर घेऊन आले, तर ही व्हरांड्यात खडूने भला मोठा त्रिकोण काढून त्याच्या रेघेवरून चालत होती. कोपऱ्यावर थांबली, वळली, मागे आली, पुन्हा वळली.

"काका, कोपरा साठचाच आहे, पण मला वळावं लागतं एकशे वीस! एकदाच चालू करा ना त्याला."

"अगं, बिघडलाय तो."

"एकदाच, काका!"

काका विरघळले. तिने एकशे वीस लिहिलं आणि त्रिकोण मिटला. तिच्या आरोळीने बाई धावत आल्या.

"अरे वा, झाला वाटतं दुरुस्त!"

कपाळावर मारून घ्यायला मला हात नाहीत.

"तो बिघडला नव्हता, बाई. माझं चुकलं होतं. तुम्ही चालून बघा."

बाई जरा ओशाळल्या. मग चपला काढून खडूच्या रेघेवरून चालू लागल्या. कोपऱ्यावर वळता वळता थबकल्या. "अगंबाई, खरंच की! मग पाच बाजू असतील तर किती वळायचं गं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. खडू आण."

भंगारवाला नुसत्या खुर्च्या घेऊन गेला. माझी चिठ्ठी काढायचं कुणालाच सुचलं नाही. आत्ताच दोघींनी माझ्यावर पाच बाजूंचं म्हणून काहीतरी भलतंच वेडंवाकडं काढलंय. बाईंचा हात सवयीने माझं झाकण मिटायला आला आणि थांबला.

तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊ गुंडाळलेला असेल. कृपा करून त्याला जपू नका. त्याच्यावर चुकू द्या पोरांना.